होडी कांठास लागते तेव्हां

बोईसर स्थानकावर गाडींतून उतरणाऱ्या माणसास समुद्राची आठवण क्वचितच होते. समोर रिक्षांची गर्दी, पलीकडे कारखान्यांच्या चिमण्या, आणि कामावर जाणाऱ्यायेणाऱ्यांची घाई. आपण अरबी समुद्रापासून अवघ्या दोन-तीन कोसांवर उभे आहों हें कोणी सांगितल्याशिवाय कळावयाचें नाहीं. परंतु पश्चिमेच्या रस्त्यानें निघालें असतां तारापूर लागतें, खाडीच्या पलीकडे चिंचणी लागते; दक्षिणेस नवापूर, आलेवाडी, नांदगांव, मुरबें, सातपाटी, आणि उत्तरेस वरोर, वाढवण, डहाणू अशी मांगेले, वैती, कोळी, भंडारी यांच्या वस्तीची माळच किनाऱ्यानें ओंविलेली दिसते. या माळेंतील प्रत्येक गांव जेथें आहे तेथेंच कां आहे, असा प्रश्न केला तर उत्तर बहुधा एकच मिळतें : तेथें होडी लागते.

आमच्या इतिहासग्रंथांत समुद्र येतो तो तोफांच्या आवाजासह येतो. आंग्र्यांच्या गुराबा, फिरंग्यांचीं आरमारें, इंग्रजांचीं जहाजें यांचीं वर्णनें आपण आवडीनें वाचतों. परंतु ज्या शेवटच्या पन्नास हातांत होडी धड पाण्याचीही नसते व धड जमिनीचीही झालेली नसते, त्या पन्नास हातांचा इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाहीं. वादळाची गोष्ट सोडून दिली, तर खोल पाण्यांत लहान होडीस भय थोडें. खडक असतो तो कांठाजवळ, वाळूचा बांध असतो तो खाडीच्या तोंडाशीं, आणि लाट फुटते ती उथळ पाण्यांत. तांडेलाची परीक्षा निघतांना होत नाहीं, परततांना होते. म्हणून कांठास लागण्याची सोय कोणीं केली, कोणीं राखिली आणि कोणाच्या हातून ती गेली, या प्रश्नांत या किनाऱ्याचा अर्धा इतिहास सांपडेल असें आम्हांस वाटतें.

मराठी भाषेनें तरी हें महत्त्व ओळखलेलें आहे. नावेंत बसणाऱ्यास आपण ‘उतारू’ म्हणतों. तो नावेंत चढतो तेव्हांही उतारूच असतो, मध्यें समुद्रावर असतो तेव्हांही उतारूच असतो. जणूं त्याचें सर्व नौकारोहण एका उतरण्यासाठींच आहे! होडी बंदरास ‘पोंचते’ असें कोंकणी माणूस म्हणत नाहीं, ती ‘लागते’ असें म्हणतो. आणि जेथें ती लागते त्या बांधकामास ‘धक्का’ असें नांव आहे. ज्यानें हा शब्द प्रथम योजिला त्याच्या होडीस तो चांगलाच बसलेला असला पाहिजे, असा विनोद करण्याचा मोह होतो. पण शब्दाची व्युत्पत्ति कांहींही असो, लागणें आणि आदळणें यांत किती थोडें अंतर आहे, हें त्या एका शब्दांत येऊन गेलेलें आहे.

आतां प्रमाणांकडे वळूं. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात राजा नहपान याचा जांवई उषवदात याचा एक प्रसिद्ध लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला हा लेख आमचे विद्यार्थी बहुधा गोदानें, ग्रामदानें आणि लेण्याचें दान यांसाठींच वाचतात. परंतु त्या दानांच्या ओघांतच एक वेगळें पुण्यकर्म नोंदलेलें आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर उषवदातानें नावा ठेवून विनामूल्य तर चालविली. विद्वानांनीं या नद्या अनुक्रमें अंबिका, पार, दमणगंगा, तापी, कावेरी (ही गुजराथेंतील) आणि डहाणूची खाडी अशा ओळखिल्या आहेत. म्हणजे ज्या खाडीवर आजही डहाणूच्या होड्या लागतात, तिचें नांव सुमारें एकोणीस शतकांपूर्वीं दगडावर कोरलें गेलें, तें लढाईसाठीं नव्हे, देवळासाठीं नव्हे, तर पैलतीरीं सुखरूप उतरण्यासाठीं. या लेखांत योजिलेला ‘तर’ हा शब्द कोंकणांत अद्याप जिवंत आहे. खाडीवरच्या उतारूंच्या होडीस आजही तर म्हणतात, व ती चालविणाऱ्यास तरवाला. राज्यें गेलीं, लिपि बदलली, आणि शब्द मात्र खाडीच्या चिखलांत पाय रोंवून उभा राहिला.

त्या लेखांतील दुसरी एक गोष्ट अधिक मार्मिक आहे. नावा ठेवून उषवदात थांबला नाहीं. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्यानें विसाव्यासाठीं सभा व पाणपोया बांधिल्या. ज्यानें कधीं खाडी ओलांडली आहे त्यासच याचें मर्म कळेल. नाव पाण्यांत असते तेवढा वेळ थोडा. खरा वेळ जातो तो कांठावर, पाणी येण्याची वाट पाहण्यांत. भरती चढेपर्यंत नाव हलत नाहीं, आणि ओहोटी लागली कीं चिखलांतून जावें लागतें. तेव्हां तरीची सोय म्हणजे नुसती नाव नव्हे. दोन्ही कांठ मिळून ती सोय होते. पुढील काळांतील कित्येक राज्यकर्त्यांस ही साधी गोष्ट समजली नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

उषवदाताच्या सासऱ्याच्या राज्यांतील दुसरी एक हकीकत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहून ठेविली आहे. ‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखलें जाणारें हें पुस्तक पहिल्या शतकांतील असून, त्यांत भडोचच्या ज्या राजाचा उल्लेख आहे तो नहपानच होय असें बहुतेक विद्वान् मानतात. खंबायतच्या आखातांत शिरणें किती कठीण, याचें त्या व्यापाऱ्यानें केलेलें वर्णन एखाद्या घाबरलेल्या माणसाचें वाटतें. तोंड अरुंद, तळाशीं खडक, भरतीचा लोंढा असा कीं नांगर धरीत नाहीं, आणि अमावास्येच्या सुमारास तर पाण्याच्या गर्जनेपुढें कांहीं ऐकूं येत नाहीं. यावर राजानें योजिलेला उपाय मोठा व्यवहारी होता. राजाच्या चाकरींत असलेले स्थानिक कोळी त्रप्पग व कोटिंब नांवाच्या मोठ्या होड्यांतून पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी जहाजांस उथळांमधून वाट दाखवीत, आणि त्यांस ओढून ठरलेल्या थांब्यांवर आणून लावीत. भरती सुरू होतांच चालावयाचें, ओहोटी लागतांच ठराविक डोहांत नांगर टाकून थांबावयाचें, हा त्यांचा नियम होता. ‘अंगविज्जा’ या जुन्या प्राकृत ग्रंथांतील नौकांच्या नांवांत या दोन्ही नांवांशीं जुळणारे शब्द येतात, हें डॉ. मोतीचंद्रांनीं दाखवून दिलें आहे. तेव्हां परक्या व्यापाऱ्यानें ते मनानें बनविले नव्हते.

येथें आम्हांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. रोमच्या साम्राज्यांतून आलेलें जहाज, त्याचा अनुभवी कप्तान, त्याचे डझनावारी खलाशी, हे सर्व भडोचच्या तोंडाशीं येऊन थांबत, आणि शेवटची वाट ज्याच्या हातीं सोंपवीत तो एक कोळी असे. भर समुद्राची विद्या सर्वांची सारखी. कांठाची विद्या मात्र त्या त्या कांठाचीच असते. ती ग्रंथांतून शिकतां येत नाहीं, कारण वाळूचा बांध दर पावसाळ्यांत जागा बदलतो आणि ग्रंथ बदलत नाहीं.

तिसरें प्रमाण तर आमच्या दाराशींच सांपडलें. १९५५ सालीं चिंचणी येथें ताम्रपटांचे पांच संच मिळाले, डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं ते ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यांपैकीं राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा पट शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यावरून असें कळतें कीं इंद्राच्या पूर्वीचा राजा दुसरा कृष्ण यानें संयान मंडल, म्हणजे हल्लींच्या संजाणभोंवतालचा मुलूख, मधुमति नांवाच्या एका ताजिकाच्या हवालीं केला होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमति हें मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप. या अरब अधिकाऱ्यानें आसपासच्या बंदरांचे अधिपति जिंकून तेथें आपले अधिकारी नेमिले. आणि मग काय केलें? दोन प्रवाहांवर विनामूल्य तर चालविली, आणि संयान येथें अन्नसत्र घातलें, त्यांत भात, कालवण व तूप फुकट मिळे. एका ब्राह्मणानें बांधलेल्या मठिकेच्या योगक्षेमासाठीं याच मधुमतीनें राजाच्या अनुमतीनें गांव दिला, हाच त्या पटाचा मुख्य विषय होय.

उषवदात शक, मधुमति अरब; दोघांमध्यें सुमारें आठशें वर्षांचें अंतर. दोघांचाही धर्म, भाषा, राजा वेगळा. दोघेही मूळचे परके. पण या किनाऱ्यावर सत्ता हातीं येतांच दोघांसही सुचलेलें लोकोपयोगी काम एकच, आणि तें पाण्यापलीकडे उतरून देण्याचें. यांतून मोठे सिद्धान्त काढण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु या मुलखांत लोकांचें मन जिंकावयाचें तर कोठून आरंभ करावा, हें दोघांनींही बरोबर हेरलें होतें.

आतां ही कांठास लागण्याची विद्या म्हणजे तरी काय, हें थोडें विस्तारानें पाहणें अवश्य आहे. नाहींतर वरील दानांची किंमत कळणार नाहीं. डहाणू-तारापूरचा किनारा खंबायतच्या आखाताच्या तोंडापासून फार दूर नाहीं, म्हणून येथील भरती मुंबईहून थोरली. उधाणाच्या दिवसांत साडेचार-पांच मीटर, म्हणजे सुमारें तीन पुरुष पाणी चढतें आणि तितकेंच उतरतें; भांगाच्या दिवसांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी, येईल तो तास. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. खरी वेळ त्याच्या किंचित् मागेंपुढें होते, आणि मुंबईहून इकडे पाणी थोडें उशिरानें चढतें. तरी ज्याच्या घरीं घड्याळ नव्हतें त्याचें काम या गणितानें पिढ्यान् पिढ्या भागलें.

परंतु वेळ कळली म्हणजे सर्व कळलें असें नाहीं. पाणी सहा तास सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढीचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक भाग चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्या व चौथ्यांत तीन तीन, मग पुन्हां दोन व शेवटीं एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्में पाणी खाडींत घुसतें. उधाणास याचा अर्थ तासाला सुमारें अडीच-तीन हात पाणी उभें चढणें होय. अशा लोंढ्यावर बसून खाडींत येणारी होडी स्वतः चालत नसते, ती वाहत असते. म्हणून शहाणा तांडेल तोंडाबाहेर थांबतो, मधला जोर सरूं देतो, आणि भरती संपण्याच्या सुमारास, पाणी भरलेलें परंतु मंद झालेलें असतांना, आंत शिरतो. शिवाय भरती संपतांना रुतला तर पुढच्या पाण्यापर्यंत तेथेंच अडकतो हें त्यास ठाऊक असतें. म्हणून तो फार उशीरही करीत नाहीं. या दोन चुकांच्या मधली जी अर्धीपाऊण घटका, तीच त्याची.

धक्क्याजवळ आल्यावर पहिलें काम हातांचें नसून डोळ्यांचें असतें. नांगरलेल्या होड्या कोणीकडे तोंड करून उभ्या आहेत, यावरून प्रवाह कळतो. चुलींचा धूर आणि वाळत घातलेलीं जाळीं कोणीकडे झुकलीं आहेत, यावरून वारा कळतो. दोहोंत जो जबर असेल त्याच्या समोर तोंड करून लागावयाचें, हा मुख्य नियम. नवख्यास हें उलटें वाटतें. वाहत्या पाण्याबरोबर जाणें सोपें, मग विरुद्ध कां जावें? याचें कारण सुकाणूंत आहे. सुकाण्यावरून पाणी वाहत असेल तोंपर्यंतच सुकाणू ऐकतें. प्रवाहाविरुद्ध तोंड केलेली होडी जमिनीच्या मानानें जवळजवळ उभी असली, तरी तिच्या सुकाण्यावरून पाणी वाहतच असतें. म्हणून ती थांबलेली असूनही ताब्यांत असते. उलट प्रवाहाबरोबर येणारी होडी सुकाण्याचें ऐकावयाचें तर प्रवाहाहूनही वेगानें गेली पाहिजे, आणि इतक्या वेगानें धक्क्यास लागणें म्हणजे त्यावर फुटणें. होडीस गाडीप्रमाणें थांबविण्याची कळ नाहीं, ही गोष्ट यंत्राच्या होड्या चालविणारे तरुण पुष्कळदा विसरतात. शिडाच्या काळीं ही चूक परवडत नसे. परबाण वेळींच खालीं घेऊन, राहिलेल्या वेगावर होडी हळूहळू आणून, शेवटचें अंतर वल्ह्यानें किंवा बांबूनें काढावें लागे. यंत्र आलें आणि उलटें फिरवून वेग मारण्याची सोय झाली. पण उलटें फिरणारें यंत्र होडीची मागची बाजू एका अंगास ओढतें, तें कोणत्या अंगास हें ज्यास आधीं ठाऊक नाहीं त्यास तें ऐन वेळीं शिकवितें.

यानंतर दोराचा प्रश्न. नाळेचा दोर आधीं बांधला कीं होडी त्याभोंवतीं फिरते व मागची बाजू बाहेर जाते. म्हणून जाणता खलाशी प्रथम मधला दोर देतो, आणि तो हातानें ओढून धरण्याऐवजीं खुंटास एकदोन वेढे देतो. भरलेली होडी दहा माणसांच्या हातांस आटोपत नाहीं, ती दोन वेढ्यांस आटोपते. गांठ मारावयाची ती सर्वांत शेवटीं. आणि होडी व धक्का यांच्या मध्यें हात किंवा पाय घालावयाचा नाहीं, कितीही जवळ आली तरी नाहीं. तें काम काथ्याच्या गुंडाळ्यांचें होतें, आतां जुन्या टायरांचें आहे. बांधलेल्या दोरास तीन पुरुष पाणी उतरण्याइतकी ढील ठेवावी लागते. आंखूड दोरानें बांधून घरीं जेवावयास गेलेला माणूस परत येतो तेव्हां ओहोटींत होडी धक्क्यास टांगलेली तरी सांपडते, किंवा दोर तरी तुटलेला सांपडतो.

जेथें धक्काच नाहीं, आणि या किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणीं तो नव्हता, तेथें निराळी रीत. होडी कांठाकडे येतांना मागचा नांगर थोड्या खोल पाण्यांत सोडून द्यावयाचा व त्याचा दोर सोडीत पुढें यावयाचें. मग नाळेचा दोर किनाऱ्यावर. ओहोटींत होडी चिखलावर बसते, पुढच्या भरतींत उठते, आणि मागचा नांगर ओढला कीं ती आपोआप बाहेर निघते. सातपाटी घाटाची होडी रुंद पोटाची आणि तळाशीं सरळ लांकूड असलेली बांधीत, हें मत्स्यव्यवसायाच्या तज्ज्ञांनीं नोंदलेलें आहे. जिला दिवसांतून दोनदां चिखलावर बसावयाचें आहे, तिला तसेंच अंग शोभतें. होडीचा घाट समुद्र जितका ठरवितो, तितकाच तिचा कांठही ठरवितो.

अशा ठिकाणांची किंमत राजकारणी लोकांनींही ओळखली होती. पोर्तुगीजांनीं या किनाऱ्यावर बांधलेल्या किंवा ताब्यांत घेतलेल्या ठाण्यांची यादी पाहावी. डहाणूचा किल्ला खाडीवर, तारापूरचा खाडीच्या दक्षिण तीरावर, केळव्याचा पाणकोट खाडीच्या तोंडांत, अर्नाळा वैतरणेच्या मुखाशीं. डोंगरी किल्ला मुलूख पाहण्यासाठीं बांधतात. हे किल्ले होडी कोठें लागते तें पाहण्यासाठीं होते. दमणपासून वसईपर्यंतची फिरंग्यांची सत्ता म्हणजे अशा लागण्याच्या जागांची सांखळी होती, आणि ती तोडल्याशिवाय वसई पडणार नाहीं हें मराठ्यांनीं जाणलें. १७३७ सालीं मोहीम सुरू होतांच अर्नाळा घेतला गेला. १७३९ च्या आरंभीं चिमाजी आप्पांच्या फौजांनीं माहीम, केळवें, शिरगांव, तारापूर व डहाणू हीं ठाणीं एकामागून एक घेतलीं. तारापूरचा वेढा अवघड गेला. सुरुंगांनीं तट उडवून आंत शिरावें लागलें, आणि बाजी भीवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा तेथें गोळी लागून पडला. एका खाडीकांठच्या लहानशा किल्ल्यासाठीं इतकें मोल कां दिलें, याचें उत्तर त्याच्या तटावर नसून तटाखालच्या पाण्यांत आहे. उत्तरेकडून मदतीची होडी लागण्यास जागा उरली नाहीं, आणि मे महिन्यांत वसई शरण आली.

पुढें शंभर वर्षें तारापूर हें बंदर म्हणून नांदलें. विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी हे निजामाच्या राज्यांत सावकारी करून ‘पेस्तनशाही’ नाण्यास आपलें नांव देऊन गेलेले पारशी बंधु याच तारापूरचे. किल्लाही विकाजीच्या घराण्याकडे इनाम होता. गांवाच्या भरभराटीचा तो काळ असावा. मुंबईसही त्याच सुमारास भाऊ अजिंक्य यांनीं बांधलेल्या धक्क्यामुळें लहान होड्यांच्या उतारूंची सोय झाली, आणि धक्क्यास बांधणाऱ्याचें नांव लागून राहिलें. एकट्या गृहस्थानें बांधलेला धक्का शहराच्या जिभेवर इतका टिकावा, यावरून त्याची गरज किती होती हें दिसतें.

मग १८६४ सालीं मुंबई व सुरत यांस जोडणारी आगगाडी झाली. रूळ किनाऱ्यापासून दोन-तीन कोस आंत पडले, आणि माल जेथें चढावयाचा ती जागाच बदलली. भात, लांकूड, मासळी यांस भरतीची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. गाडी तिथीची पाऊणपट करीत नाहीं. पालघर व बोईसर वाढूं लागलीं, तारापूर व माहीम मागें पडलीं. या बदलास वाईट म्हणणें वेडेपणाचें होईल. परंतु एक नुकसान झालें, आणि तें कोणाच्या हिशेबांत धरलें गेलें नाहीं. जोंपर्यंत व्यापाऱ्याचा माल खाडींतून जात होता, तोंपर्यंत खाडीचें तोंड उघडें राहावें अशी इच्छा बाळगणारा एक श्रीमंत माणूस गांवांत असे. तो रूळांकडे निघून गेल्यावर खाडीचा गाळ हा एकट्या कोळ्याचा प्रश्न झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील गोष्टी थोडक्यांत सांगतां येतील, कारण त्या डोळ्यांसमोरच्या आहेत. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें. देशांतील तें पहिलें. पुढें त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठून दुसरीकडे गेलीं. समुद्रकांठचें गांव आंत नेऊन वसवितां येतें. घरें, शाळा, देऊळ नवें बांधतां येतें. होडी लागण्याची जागा मात्र बरोबर नेतां येत नाहीं. बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली, हजारोंस रोजगार मिळाला, आणि तिचें सांडपाणी खाड्यांतून व नवापूरच्या समुद्रांत जाऊं लागलें. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ सालीं राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. सातपाटीस पापलेटाचें बंदर म्हणून कीर्ति मिळाली. होड्यांस यंत्रें आलीं, त्या मोठ्या झाल्या, त्यांस पाणी अधिक लागूं लागलें. आणि त्याच काळांत खाडी गाळानें भरत गेली. आज तेथेंही भरतीशिवाय आंत येतां येत नाहीं. होडी आधुनिक झाली, पण वाट पाहणें उषवदाताच्या काळचेंच राहिलें; दोन्ही कांठांवरील सभा व पाणपोया मात्र दिसत नाहींत.

आतां वाढवण. डहाणूजवळच्या या गांवापुढें खडकांनीं भरलेला उथळ किनारा आहे, आणि थोडें आंत गेलें कीं सुमारें वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते. जगांतील प्रचंड जहाजें लागण्यास अशी जागा आपल्या देशांत दुर्मिळ, म्हणून येथें बंदर करण्याचा विचार प्रथम नव्वदीच्या दशकांत निघाला. डहाणू तालुका १९९१ सालीं पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला गेला होता; न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणानें १९९८ सालीं ती योजना अमान्य केली. पंचवीस वर्षांनीं, २०२३ सालीं, त्याच प्राधिकरणानें नव्या योजनेस अनुमति दिली. जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें मान्यता दिली, आणि त्याच वर्षीं ३० ऑगस्ट रोजीं पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें पायाभरणी झाली. सुमारें ७६ हजार कोटि रुपये खर्चाच्या या बंदरांत एक एक हजार मीटर लांबीचे नऊ धक्के पेट्यांच्या जहाजांसाठीं योजिलेले आहेत, आणि समुद्रांत चौदाशें हेक्टरांहून अधिक भराव घालावयाचा आहे.

या बंदरास विरोध करणाऱ्या मच्छिमारांस अडाणी म्हणणारे लोक आम्हीं ऐकले आहेत, आणि बंदर मागणाऱ्यांस पापी म्हणणारेही ऐकले आहेत. देशास खोल पाण्याचें बंदर नको असें आम्ही म्हणणार नाहीं. भडोचच्या राजासही तें हवें होतें. परंतु त्या राजानें परदेशी जहाजें लावण्याचें काम कोळ्यांकडे दिलें होतें, त्यांच्या वाटेवर भराव घातला नव्हता. लाटा अडविणारा बांध समुद्रांत उभा राहिला कीं त्याच्या आडोशास पाणी संथ होतें, आणि संथ पाण्यांत गाळ बसतो. तो कोठें बसेल, वरोरच्या खाडींत कीं चिंचणीच्या, किती वर्षांत बसेल, आणि तो काढण्याचा खर्च कोणत्या खात्यावर पडेल, हे प्रश्न मोठ्या जहाजांच्या धक्क्याइतकेच खरे आहेत. ज्या योजनेंत हजार मीटरांचे धक्के मोजून मांडले जातात, तिच्यांत पन्नास हातांच्या धक्क्यासाठीं, गाळ उपसण्याच्या कायमच्या तरतुदीसाठीं व रात्रीं वाट दाखविणाऱ्या दिव्यासाठीं एक पान असावयास हरकत नव्हती. असल्यास तें गांवकऱ्यांस मोठ्यानें वाचून दाखवावयास तर मुळींच हरकत नव्हती.

जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. तेव्हां या किनाऱ्यावरच्या होड्या ओढून वर घेतलेल्या व शाकारलेल्या दिसतात, आणि तेवढे दिवस खाडी मोकळी असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हां पाण्यांत जातात. तिथि पंधरावी; भरती अकरा-साडेअकरास. पावसाळ्यांत वाळूचा बांध कोणीकडे सरकला आहे हें अजून कोणास ठाऊक नसतें. म्हणून पहिली होडी बाहेर पडते ती म्हाताऱ्या तांडेलाची. तो नाळेवर बांबू घेऊन उभा राहतो, दर दहा हातांवर तळ चांचपतो, आणि मागच्या होड्या त्याच्या बांबूकडे पाहत त्याच्या वाटेनें जातात. परत येतांना मात्र तो सर्वांच्या मागें थांबतो, व शेवटची होडी लागेपर्यंत तोंडाशींच राहतो.